कामा इस्पितळाची अट

1882 साली मुंबईत राहणारे अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांच्या वाचनात लंडनच्या एका मासिकातला लेख आला. लिहिणाऱ्या होत्या फ्रान्सिस हॉगन, त्या काळच्या मोजक्या ब्रिटिश स्त्री-डॉक्टरांपैकी एक. हिंदुस्थानातल्या बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत, असे तोवर पुष्कळांनी म्हटले होते. हॉगनबाई त्याच्या पुढे गेल्या होत्या. या डॉक्टरांचे स्वतंत्र खाते असावे, त्याचा कारभार बायकांनीच पाहावा आणि सरकारी वैद्यकीय खात्याशी त्यांनी मिळूनमिसळून काम करावे. मात्र त्या खात्याच्या हाताखाली असू नये, अशी त्यांची मागणी होती.

किट्रेज यांनी हा विषय सोराबजी शापुरजी बंगाली यांच्याकडे नेला. बंगाली हे पारशी समाजातले नावाजलेले सुधारक. गिरण्यांत राबणाऱ्या बायका-मुलांच्या कामाचे तास कायद्याने बांधून द्यावेत म्हणून त्यांनी आधीच सरकारचा पिच्छा पुरवला होता. दोघांनी मिळून 'मेडिकल विमेन फॉर इंडिया फंड' उभा केला. पुढे 1889 मध्ये किट्रेज यांनीच या फंडाचा छोटेखानी इतिहास छापला, म्हणून कोणी काय मागितले आणि त्यातले काय मिळाले, हे आज सांगता येते. विलायतेहून शिकलेल्या स्त्री-डॉक्टर आणायच्या, बायकामुलांसाठी दवाखाना आणि इस्पितळ बांधायचे, ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींना उघडायचे, ही कामे त्यांनी हाती घेतली. त्यांच्या जोडीला एक अट होती: इस्पितळ स्त्री-डॉक्टरांच्याच ताब्यात राहील.

ही अट एवढी महत्त्वाची का, हे समजायला तेव्हाच्या घरांत डोकवायला हवे. ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. शहरात शिकलेले डॉक्टर होते, त्यांत हिंदू, पारशी, पोर्तुगीज आडनावांचे गोवेकर असे सगळेच होते. पण डॉक्टर घरी आला तरी तो रोगिणीशी बोलत नसे. तो नवऱ्याला किंवा सासऱ्याला विचारी, ते सासूला विचारीत, सासू आत जाऊन सुनेला विचारी. उत्तर त्याच वाटेने परत येई आणि येताना त्यातले निम्मे गळून जाई. मराठी मुलखात उत्तरेसारखा पडदा नव्हता. कोळणी, कुणबिणी उघड्या तोंडाने बाजारात बसत, गिरणीत जात. पण पोटाखालचे दुखणे परपुरुषाला दाखवणे त्यांनाही मरणप्राय वाटे. डॉक्टरला बोलवायचे की नाही, कधी बोलवायचे, त्याने सांगितलेले औषध द्यायचे की नाही, हे ठरवणारी माणसे वेगळीच असत. जिचे दुखणे, तिला त्यात शब्द नसे.

बाळंतपणात मात्र बाईचे राज्य होते, ते सुईणीचे. अंधारी खोली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्या-शेपाची धुरी आणि आत एक अनुभवी बाई, जिच्या शब्दाबाहेर घरातला कर्ता पुरुषही जात नसे. आडलेल्या बाळंतिणीपुढे तिचा अनुभव अपुरा पडे आणि तिच्या अस्वच्छ हातांमुळे सूतिकाज्वर होऊन बायका दगावत, हे खरेच आहे. पण सुधारकांनी, इंग्रज आणि देशी दोघांनीही, तिला अडाणीपणाची मूर्ती करून टाकले. बायकांच्या आजारपणात एका बाईकडे जो काही अधिकार होता तो तिच्याकडेच होता, हे फारसे कोणी लक्षात घेतले नाही. नव्या वैद्यकाने तो अधिकार काढून घेतला. तो दुसऱ्या बाईच्या हाती जाणार की पुरुषाच्या, हा प्रश्न मुंबईत 1883 साली उभा राहिला.

पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी पहिल्याने एक लाख रुपये देऊ केले आणि पुढे रक्कम वाढवली. सरकारने मैदानाच्या कडेला जागा दिली. 22 नोव्हेंबर 1883 रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसली. जाफर सुलेमान या व्यापाऱ्याने दवाखान्यासाठी पैसे दिले. म्हणजे पारशी आणि मुसलमान दात्यांचा पैसा, कल्पना एका अमेरिकनाची आणि रोगिणी सगळ्या जातीधर्मांच्या, असा हा त्या काळच्या मुंबईला शोभणारा मेळ होता. अट मान्य करून घ्यायला मात्र घासाघीस करावी लागली. सरकारी वैद्यकीय खाते म्हणजे लष्करी शिस्तीत वाढलेल्या पुरुष सर्जनांचे खाते. बाई डॉक्टर असेल तर असो, पण तिच्यावर कोणीतरी साहेब हवाच, ही तिथली रीत. कामांचा पैसा आणि फंडाची चिकाटी यांच्यापुढे मुंबई सरकारने ती रीत बाजूला ठेवली.

आता अशा इस्पितळाच्या प्रमुखपदी बसेल अशी बाई हवी होती. फंडाने एडिथ पीची यांना निवडले. या निवडीला मी फार मोठे महत्त्व देतो, कारण पीचीबाईंना नुसते वैद्यक येत होते असे नाही, अधिकार नाकारला जातो तेव्हा काय करायचे तेही त्या शिकून आल्या होत्या. 1869 मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या पहिल्या सात मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदा बसलेल्या विद्यार्थ्यांत त्या पहिल्या आल्या. या नंबराला होप शिष्यवृत्ती असे. ती त्यांना डावलून खालच्या नंबराच्या मुलाला दिली गेली. नोव्हेंबर 1870 मध्ये या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तर सर्जन्स हॉलच्या दाराशी जमावाने त्यांना अडवले, अंगावर चिखल फेकला. अखेर विद्यापीठाने पदवी नाकारलीच. पीचीबाईंनी 1877 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एम.डी. मिळवली, डब्लिनमध्ये परवान्याची परीक्षा दिली आणि लीड्समध्ये व्यवसाय थाटला. डिसेंबर 1883 मध्ये त्या मुंबईत उतरल्या तेव्हा त्यांचे वय 38 होते.

पुढच्याच वर्षी जाफर सुलेमान दवाखाना सुरू झाला आणि बायकांची रीघ लागली. 1886 मध्ये कामा इस्पितळ उघडले. बाई डॉक्टरकडे बायका येतील का, ही शंका दारातली गर्दी पाहूनच फिटली. शार्लट एलाबी ही दुसरी इंग्रज डॉक्टर मदतीला आली होती. पीचीबाईंनी इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. इथे रोगिणी स्वतः बोले आणि ऐकणारी बाई निर्णय घेणारीही असे. शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवताना कोण्या सिव्हिल सर्जनला विचारायला जावे लागत नसे. एडिंबराच्या दारात चिखल झेललेल्या बाईने मुंबईत एक अख्खे इस्पितळ चालवावे, यात हिंदुस्थानावर केलेला उपकार होता तसा इंग्रज स्त्री-डॉक्टरांचा स्वार्थही होता, हेही सांगायला हवे. त्यांना मायदेशात इस्पितळे दारात उभी करत नव्हती. हिंदुस्थानात कामही होते आणि मानही होता.

1883 मध्येच ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना प्रवेश दिला. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने हे 1875 मध्येच केले होते. मराठी बायकांचा आवाज याच सुमारास ऐकू येऊ लागला. 1882 मध्ये पुण्यात शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षकांबरोबर स्त्री-डॉक्टरांची गरज ठासून मांडली. 24 फेब्रुवारी 1883 रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात आनंदीबाई जोशींनी आपण अमेरिकेला का जातो हे भरसभेत सांगितले. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यांच्या गाठीशी होते. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयच हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूर दरबारने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातला बायकांचा विभाग त्यांच्याकडे सोपवायचे ठरवले होते. क्षयाने ते होऊ दिले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. त्याच इस्पितळात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केले.

इकडे ऑगस्ट 1885 मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांनी देशव्यापी फंड काढला. संस्थानिकांनी थैल्या मोकळ्या केल्या, गावोगावी जनाना इस्पितळे उभी राहिली. मुंबईचा धडा मात्र या फंडाने अर्धाच गिरवला. स्त्री-डॉक्टर आल्या, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनची देखरेख राहिली. इस्पितळाच्या समितीत साहेबलोक आणि गावचे प्रतिष्ठित पुरुष, डॉक्टरीणबाईने त्यांना हिशोब द्यायचा. इंग्रज डॉक्टरच्या हाताखाली देशी डॉक्टर, तिच्या हाताखाली कमी शिकलेली हॉस्पिटल असिस्टंट, अशी उतरंड लागली आणि लहान गावांतले खरे ओझे या शेवटच्या बाईच्या खांद्यावर पडले. कामा इस्पितळातली अट नियम होण्याऐवजी अपवाद ठरली.

याच वर्षांत मुंबईच्या हायकोर्टात एक खटला चालू होता. वरवर त्याचा वैद्यकाशी संबंध नव्हता. ज्यांच्याविरुद्ध तो चालू होता त्या रखमाबाईंचा जन्म 1864 चा. आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉक्टर ग्रँट कॉलेजात शिकवत, वनस्पतींचे जाणकार होते, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. (या सोसायटीचा पहिला संग्रह ज्यांच्या मद्याच्या दुकानात मांडला गेला ते हर्बर्ट फिप्सन पुढे एडिथ पीचींचे पती झाले. मुंबईतली सुधारकांची दुनिया अशी लहान होती.) अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी झाले, पण त्या सावत्र वडिलांच्याच घरी राहिल्या, पुस्तके वाचत वाढल्या. 1884 मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मागणारा दावा लावला.

रखमाबाई कोर्टात आणि कोर्टाबाहेर दोन्हीकडे लढल्या. जून 1885 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्र छापून आले आणि सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर दुसरे. लिहिणारी कोण, हे कळायला वेळ लागला नाही. 21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न लागलेल्या आणि नवऱ्याबरोबर कधीच न राहिलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणे त्यांना क्रूर वाटले. अपिलात हा निकाल फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. बेहरामजी मलबारी आणि त्यांचे सुधारक मित्र रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. जुलै 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

माझ्या मते या खटल्याने एका गोष्टीचा उलगडा केला, जो कोणत्याही इस्पितळाने झाला नसता. आजारी बाईला डॉक्टर मिळाला तरी तिचे शरीर कायद्याने कोणाचे, हा प्रश्न बाकीच होता. ज्या बाईला नवऱ्याच्या बिछान्याला नकार देता येत नाही, ती डॉक्टरच्या सल्ल्यावर स्वतःचा निर्णय कसा घेणार? खटल्याच्या दिवसांत रखमाबाईंना वैद्यक शिकायचा ध्यास लागला आणि पीचीबाईंनी त्याला बळ दिले. 1889 मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या, 1894 मध्ये डॉक्टर होऊन परत निघाल्या.

त्या विलायतेत असताना इथे तोच प्रश्न पुन्हा पेटला. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरी मैती तिच्याहून कितीतरी मोठा. दंडविधानात संमतीवय दहा होते आणि मुलगी त्याहून मोठी, म्हणून बलात्काराचा आरोप टिकला नाही. किरकोळ गुन्ह्याखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. यावर देशभर वादळ उठले. पंडित शास्त्रार्थ सांगत होते, वकील कायदा सांगत होते, संपादक राष्ट्राभिमान सांगत होते. 1890 मध्ये या गलक्यात एक वेगळाच कागद व्हाइसरॉयकडे गेला. डॉ. मोनेल मॅन्सेल यांच्या पुढाकाराने 55 स्त्री-डॉक्टरांनी सह्या केलेला तो अर्ज होता. त्यात आपण स्वतः तपासलेल्या बालवधूंच्या जखमांची यादी होती: फाटलेली अंगे, निखळलेली हाडे, लुळे पडलेले पाय, मृत्यू. संमतीवय चौदा करा, अशी मागणी होती. त्याच वर्षी पीचीबाईंनी मुंबईतल्या हिंदूंपुढे बालविवाहावर जाहीर व्याख्यान दिले.

या अर्जाचे मोल फार आहे. पुरुष डॉक्टरांनाही असे रोगी दिसत असतील, पण क्वचित, आणि बहुधा प्रेत म्हणूनच. या मुली स्त्री-डॉक्टरांपुढे आल्या म्हणूनच त्यांच्या जखमांची नोंद झाली. बायकांनी चालवलेल्या दवाखान्यांतून असे ज्ञान गोळा झाले जे तोवर माजघराच्या बाहेर आलेच नव्हते आणि आता ते कायदेमंडळाच्या टेबलावर होते. 19 मार्च 1891 रोजी कायदा झाला, संमतीवय बारा ठरले. डॉक्टरीणबाईंनी मागितलेल्या चौदावर सरकार आले नाही. टिळकांच्या मते परक्या सरकारने घरात हात घालणेच चूक होते. त्यांची भीती राजकीयदृष्ट्या निराधार नव्हती, हे पुढच्या काही वर्षांत प्लेगने दाखवून दिले. तरी ज्या मुलींची हाडे त्या यादीत मोडलेली होती, त्यांना स्वराज्याची वाट पाहायला सांगणे मला आजही पटत नाही.

1896 च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागात प्लेग निघाला आणि बायकांच्या शरीराचा प्रश्न रस्त्यावर आला. गाठ काखेत किंवा जांघेत येई. ती शोधायला सरकारी माणसे घरात शिरत, रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासत. त्या ऑक्टोबरमध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. 1897 च्या साथीच्या कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार दिले. लोकांचा संताप पाहून बायकांच्या तपासणीसाठी स्त्री-डॉक्टर आणि परिचारिका नेमाव्या लागल्या, काही खास विलायतेहून आल्या. ज्यांना इतकी वर्षे हाताखालीच ठेवले होते, त्यांच्यावाचून आता सरकारचे पान हलेना. पण इथे त्यांच्या हाती निर्णय नव्हता. त्या हुकूम बजावायला आलेल्या होत्या आणि तपासल्या जाणाऱ्या बाईला नाही म्हणायची सोय तेव्हाही नव्हती. पुण्यात पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग इस्पितळात आणि छावणीत बायकांची कशी आबाळ होते, आपल्या आश्रमातल्या मुलीचे काय झाले, हे 1897 मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून उघड केले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नरने आरोप नाकारले. एका बाईने सरकारी इस्पितळाला उघडपणे जाब विचारल्याची आपल्याकडची ही फार जुनी नोंद आहे आणि ती जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

रखमाबाई 1895 मध्ये परतल्या आणि थोड्याच काळात सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. तिथेही प्लेग आला, त्या जागेवरून हलल्या नाहीत. वीस-बावीस वर्षे त्यांनी सुरतेत काढली. दादाजी 1904 मध्ये वारले, तेव्हा या बाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या नात्याला त्यांनी कोर्टात कधी मान्यता दिली नाही, त्याचे सुतक त्यांनी का धरले असेल याचा अर्थ लावायच्या फंदात मी पडत नाही.

डॉक्टरीणबाईंचा लढा एव्हाना संघटित झाला होता. पीचीबाई 1905 मध्ये हिंदुस्थान सोडून गेल्या, 1908 मध्ये वारल्या. 1907 मध्ये देशातल्या स्त्री-डॉक्टरांनी स्वतःची संघटना काढली आणि सरकारच्या मागे लकडा लावला: इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये बायकांना जागा नाही, तर आमची वेगळी सेवा करा, ठरलेला पगार, बढती आणि पेन्शन द्या. 1914 मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस निघाली. सुरुवातीला तिच्यात सगळ्या देशासाठी 25 जागा होत्या. सरकारने अनुदान दिले, पण सेवा स्वतःची न करता डफरिन फंडाच्या गळ्यात बांधली. पगार आणि पेन्शन पुरुषांच्या सेवेच्या बरोबरीला कधी आले नाही. 1929 मध्ये मार्गारेट बाल्फोर आणि रूथ यंग या दोघी डॉक्टरांनी हा सगळा इतिहास पुस्तकरूपाने लिहिला, त्यात या तडजोडींची सल लपत नाही.

या नव्या सेवेत या, असे रखमाबाईंना सुचवले गेले. त्यांनी नकार दिला आणि राजकोटच्या बायकांच्या इस्पितळाचा कारभार पत्करला. तिथूनच त्या 1930 च्या आसपास निवृत्त झाल्या. 1929 मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. पडद्याची चाल मोडलीच पाहिजे, हे त्याचे सांगणे होते. बायकांची स्वतंत्र इस्पितळे, डफरिन फंडाच्या देणग्या, खुद्द त्यांची नोकरी, हे सगळे पडद्याच्या आधारावर उभे राहिलेले होते. पस्तीस वर्षे पडद्यातल्या बायकांना तपासून झाल्यावर त्यांनी तोच आधार काढून घ्यायला सांगितले.